राजाच्या आईचे गार पाय

एकदा काय झालं, सूर्य उगवला आणि आत आलाच नाही! हो, हो, खरंच. गार्गी, हसू नकोस. निमिष, पांघरूण अंगावर घे आधी. हं, आता ऐका.

लांब तिकडे आयर्लंडात, बॉइन नदीच्या काठी, दगडाधोंड्यांची रचलेली एक टेकडी आहे. तुमच्या आत्याकडे गेले होते ना मी, तेव्हा या डोळ्यांनी पाहिली. सगळं जग तिला जपतं, बरं का. वरून हिरवंगार गवत आणि पोटात एक लांब बोळ, एक माणूस कसाबसा जाईल एवढाच. बोळाच्या टोकाला खोली, खोलीत दगडाचं मोठं वाडगं. पाच हजार वर्षं झाली आणि आत पाण्याचा थेंब नाही! आपली गच्ची दरवर्षी गळते. मी मेली तोंडावर हात ठेवून उभी. आणि वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला की सकाळचं ऊन त्या बोळातून सरपटत पार आतल्या खोलीत जातं. कसं जातं, ते आत्ता नाही सांगायची. आता गोष्ट सांगते, ती मात्र माझी.

तर तिथे होता एक राजा, फर्गल. आणि त्याची आई, ब्रोना. एवढीशी म्हातारी, पण तक्रार रोज एकच. "फर्गल, पाय गार पडले रे माझे." मग राजा दरबार सोडून यायचा आणि आईचे पाय चोळत बसायचा. मुकुट घालून!

तिथली रीत अशी, की त्या थंडीतल्या तीन सकाळी राजघराण्यातली सगळ्यात मोठी बाई एकटी आत जाऊन बसायची. राजा दाराबाहेर, गाव त्याच्या मागे. ऊन पोचलं की ब्रोना आतून ओरडायची, "आलं गं बाई आलं!" मग बाहेर एकच आनंद. वर्षभरात जे कुणी गेलं त्याची राख त्या वाडग्यात ठेवलेली असायची. उन्हानं वाडग्याला हात लावला, की ते माणूस सुखानं पुढे जायचं. नाही लावला तर? तर बसा वर्षभर अंधारात एकटे.

मग त्या वर्षी ब्रोनाच गेली. काही दुखलं नाही, खुपलं नाही, बसल्या जागी गेली. राजानं राख आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन लहान पोरासारखा रडला.

मग त्या तीन सकाळींतली पहिली आली. आत बसायला घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. म्हणून टेकडीचे दगड सांभाळणारा गवंडी डोनाल आत गेला. ऊन आलं. दाराशी आलं, बोळात शिरलं. सगळे कान देऊन उभे. हाक नाही. बऱ्याच वेळानं डोनाल बाहेर आला, चेहरा पांढराफटक.

"महाराज, आत अंधार आहे."

असं कधी म्हणजे कधी झालं नव्हतं!

राजा म्हणाला, "दार लहान पडतंय. मोठं करा." मग दिवसभर वीस माणसांनी दाराचे दगड सरकवले. दुसरी सकाळ आली. ढीगभर ऊन आत गेलं आणि अर्ध्या बोळात जाऊन थांबलं. तो बोळ चढाचा आहे ना, मी चढलेय, दम लागतो. डोनाल बाहेर आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

आता राजाचं डोकं फिरलं. "तू झोपला असशील! उद्या मी आत बसतो. ऊन दिसलं, तर तुला नावेत घालून समुद्रातल्या एखाद्या सुळक्यावर सोडीन. राहा तिथे पाखरांबरोबर." डोनालच्या बायकोला तर रडूही फुटेना.

तिसरी सकाळ. शेवटची, बरं का. राजा वाकून वाकून आत गेला. अशा सकाळी, उभ्या जन्मात पहिल्यांदा! आई बसायची त्या दगडावर बसला आणि दाराकडे बघितलं. तर काय? दार दिसेचना! चढामुळे दार पार खाली राहिलं होतं. नजर सरळ जात होती ती दाराच्या वरती, एका फटीकडे. तिथे होता झरोका. आणि झरोक्यात काय कोंबलं होतं? लोकर!

राजानं निरखून बघितलं. ती लोकर त्याच्या स्वतःच्या घोंगडीची होती.

राख ठेवली त्याच दिवशी, कुणी नाही असं बघून, त्यानं तो झरोका बुजवला होता. वर चिखल, वर गवत. आईला वारा लागू नये म्हणून! ऊन दारातूनच येतं असं त्याला वाटायचं. सगळ्या गावालाच वाटायचं. खरं ठाऊक होतं एकट्या ब्रोनाला. तिनं सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

"अरे, मीच कोंडलं तिला!" राजा ओरडत बाहेर धावला. गुडघे फुटले, मुकुट पडला. सूर्य तर वर आलेला! "डोनाल, तू आत पळ!" मग राजा स्वतः दारावर चढला आणि नखांनी चिखल उकरायला लागला. गाव आ वासून बघतंय. गवत फेकलं, चिखल फेकला, लोकर ओढली.

आणि मग सगळ्यांनी कान दिले.

आतून आवाज आला, "आलं! आलं, महाराज, आलं!"

पण राजा वर लटकलेला, त्याला काय दिसणार? तो उतरून आत पोचेपर्यंत ऊन निघून गेलं होतं. पुन्हा अंधार. राजा मटकन खालीच बसला.

"मला क्षमा कर, डोनाल," तो म्हणाला. "तुला दिसलं, मला नाही."

डोनालनं अंधारात राजाचा हात धरला आणि वाडग्यावर ठेवला. "महाराज, बघा तर."

वाडगं ऊन ऊन लागत होतं.

मग दिवस मोठे होत गेले आणि राजा, डोनाल, त्याची बायको, सगळे आनंदात राहिले. झरोका पुन्हा कुणी बुजवला नाही. झालं, आता मिटा डोळे. निमिष, पाय दे बघू इकडे. अगं बाई, किती गार पडलेत रे! थांब, चोळते.