गल्लीच्या मधोमधचा पाटा

गाडी वळवताना तुमचं चाक ज्या दगडाला लागता लागता राहिलं ना, तो पाटा आहे. मसाला वाटायचा पाटा. रस्ता कितीदा उकरला, पण त्याला कोणी हलवलं नाही. सकाळच्या खाण्याला चांगली जागा कुठली, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर या पाट्यापाशीच आहे. बसा, सांगतो.

पुणं तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं. पहाटे भाजीच्या बैलगाड्या याच वाटेनं जायच्या आणि गाडीवानांसाठी इथं समोरासमोर दोन चुली पेटायच्या. एक भिवराची, एक गोजराची. दोघी सख्ख्या बहिणी. आई गेली तेव्हा तिच्या पाट्या-वरवंट्यावरून भांडल्या. थोरल्या भिवरानं पाटा उचलला, गोजरानं वरवंटा. आता नुसत्या पाट्यावर काय वाटणार, आणि नुसत्या वरवंट्यानं तरी काय? दोघींची उसळ बेचव व्हायला लागली, पण देईना कोणीच.

एका सकाळी लांबून चालत एक म्हातारा वाटसरू आला म्हणे. पोटात अन्न नाही. त्यानं भिवराकडे खायला मागितलं.

"शिजतंय अजून, बाबा. टेका जरा. पण समोर जाऊ नका हं, तिच्या हातात विष आहे."

समोरून गोजरा ओरडली, "आणि तिच्या ताटातलं कुत्रंसुद्धा हुंगत नाही! इकडं या."

माणूस भोळा. त्याला दोघींचंही खरं वाटलं. हात जोडून तो चालू लागला, आणि गल्लीच्या मधोमध कोसळला.

दोघी ताटं घेऊन धावल्या. त्याचे डोळे मिटत होते, पण घास ओठाशी नेला की तोंड फिरवायचा. "तुम्हीच सांगितलंत," एवढंच म्हणायचा. माणूस दारात मरतोय, आणि तोही आपल्या बोलण्यानं, हे भिवराला उमगलं. तिनं गोजराच्या ताटातला घास उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ला. गोजरानं भिवराच्या ताटातला. मग कुठं त्यानं तोंड उघडलं.

असं सांगतात, की तो घास गिळताना दोघींना एकच गोष्ट कळली. जे आपल्या उसळीत उणं, तेच हिच्याही.

त्याच दिवशी पाटा बाहेर आला, वरवंटाही आला. पण एकमेकींचा उंबरा ओलांडायला मन धजेना. म्हणून वाटसरू जिथं पडला होता, त्याच जागी पाटा टेकवला.

"तू वाट, मी पाणी घालते," भिवरा म्हणाली.

"पाणी जास्त घालतेस तू. आई ओरडायची."

"ओरडायची ती तुला."

वाटसरू कोण होता? कोणी देव म्हणतं. मला नाही तसं वाटत. देवाला एवढी भूक लागत नसावी.

आजही दोन्ही घरांचा पहिला मसाला याच पाट्यावर वाटला जातो आणि पहिली ताटली समोरच्या घरी जाते. आजही या दोन्ही घरच्यांना विचारा, चांगलं खायला कुठं मिळेल, तर हा तिकडं बोट दाखवील, तो इकडं. थट्टा समजू नका.

मला विचाराल, तर मी भिवराच्या घरातला. तेव्हा समोर जा. तिथलं खाणं फार चांगलं असतं.