मांडवाबाहेरचे नाव

एका राज्यात हिरण्यबाहू नावाचा राजा होता. शूर, न्यायी, पण असा ताठ, की त्याच्यासमोर मांजरही बेताने जांभई देई. त्या राज्यात मुलींना दोन नावे असत. एक बारशाच्या मांडवात पुकारलेले, दुसरे घरात लाडाने आपोआप पडलेले. राजाने मात्र महालात फर्मान काढले होते, की राजकन्या त्रैलोक्यसुंदरीला त्रैलोक्यसुंदरीच म्हणावे. ती एवढीशी पोर नाव ऐकून इकडेतिकडे बघे, की कोण थोर बाई आली.

एके दिवशी काळकंठ मांत्रिकाने बारशातली नावे उच्चारून राजधानीतल्या साऱ्या मुली ओढून नेल्या आणि त्यांच्या साळुंक्या केल्या. राजकन्याही गेली. राजाच्या तोंडचे पाणी पळाले. तो तडक निघाला. मागोमाग प्रधान आणि मुलींच्या आयाही निघाल्या.

मांत्रिकाच्या डोंगरावर बोलणारा गरुड पहाऱ्याला होता. त्याने तीन कामे सांगितली. आगीची नदी ओलांडावी, लोखंडी दार उघडावे, आणि सूर्य बुडायच्या आत ज्याने त्याने आपली मुलगी हाक मारून न्यावी. न्यायची राहिली, ती जन्मभर पाखरू. राजाची तलवार पाहून नदी दुभंगली. दार त्याने खांद्याने उघडले. तिसरे काम म्हणजे हातचा मळ, असे त्याला वाटले.

आत झाडभर साळुंक्या बसल्या होत्या. राजा गरजला, "त्रैलोक्यसुंदरी!" पानही हलले नाही.

"राजा, ते नाव मांत्रिकाच्या मुठीत आहे," गरुड म्हणाला. "घरातले नाव घे."

तोवर आया पुढे सरसावल्या. कुणी ढब्बूताईला बोलावले, कुणी टिटवीला, कुणी गुळपोळीला. पाखरे उतरत होती आणि जमिनीला पाय लागताच मुली होत होत्या. कोतवालीणबाई चारचौघांत लाजत "शेंबडे" म्हणाल्या, तर त्यांची लेक धावत येऊन गळ्यातच पडली.

झाडावर एकच साळुंकी उरली. ऊन कललेले होते. राजाला रडू आले. पोटच्या पोरीला हाक मारायला त्याच्याजवळ शब्द नव्हता. मग त्याला आठवले, एकदा ती पागेत घोड्यापुढे उभी राहून, घोड्यासारखीच ओठ फुरफुरवत थुंकी उडवत होती. तेव्हा त्याला हसू फुटले होते. एक नावही ओठांवर आले होते, पण शेजारी प्रधान होता, म्हणून त्याने ते गिळले होते.

प्रधान आजही शेजारीच होता.

"फुर्रफुरे," राजा म्हणाला, "घरी चल."

साळुंकी त्याच्या पायाशी उतरली आणि राजकन्या झाली. आजवर महाराज म्हणणारी ती पोर म्हणाली, "बाबा, हे नाव माझे आहे?"

"तुझेच. इतकी वर्षे माझ्या घशात अडकले होते."

त्याच क्षणी मांत्रिकाची मूठ उघडली, अडकलेली नावे सुटली आणि तो सारे मंत्र विसरला. राज्याची घडी पुन्हा बसली. दरबारात भालदार आजही त्रैलोक्यसुंदरी असेच पुकारतात. ती जागची हलत नाही. मग राजा सिंहासनावरून, साऱ्या मानकऱ्यांदेखत, दुसरी हाक मारतो आणि ती येते.