ऑक्टोपससाठी दोरा

“...पण ती माझा हात सोडत नाही, बाबा! याला प्रेम नाही तर काय म्हणायचं?”

मुकुल बर्वे, पुण्याचा वास्तुविशारद, खडकावर उकिडवा बसला होता. समोर बादली. बादलीत ऑक्टोपसची मादी. तिच्या भुजांचा त्याच्या मनगटाला विळखा.

समुद्रकाठच्या दर्ग्यातला गुलाबशहा फकीर नुसता बघत होता. खाणं टाकलेल्या गाईबकऱ्यांसाठी लोक त्याच्याकडून मंतरलेला दोरा नेत. बर्वे तोच मागायला आला होता.

“किती दिवस खात नाही?”

“बरेच झाले. रंगही उडालाय. ती जगली पाहिजे, बाबा.”

“राहते कुठे?”

“माझ्या दिवाणखान्यात. भिंतभर काचेची टाकी, मी स्वतः आखलेली. समुद्राचं पाणी, ताजे खेकडे... राजवाडा आहे!”

“राजवाड्यात दगड?”

“होते. सारखी मागे लपायची. पाहुण्यांना दिसायचीच नाही. म्हणून काढले.”

“मग?”

“मग माझा हात धरायला लागली.”

बर्वे अभिमानाने हसला. फकीर हसला नाही.

तो उठला. खडकांत अडकलेलं एक फुटकं मडकं घेऊन आला. अलगद बादलीत सोडलं.

एक भुजा सुटली. तिने मडक्याची कड चाचपली. मग दुसरी सुटली... मग सगळ्याच. ती आत शिरली.

बर्व्याने हात पाण्यातच ठेवला.

“ये ना,” तो म्हणाला. “अगं, मी आहे...”

मडक्यात काही हललं नाही.

“बुडणारा फळी धरतो,” फकीर म्हणाला. “फळीने गुडघ्याला बाशिंग बांधू नये.”

“दोरा द्या, बाबा. मी दगड परत टाकतो. हवे तेवढे टाकतो.”

“आणि पाहुणे आले की?”

बर्व्याने हात पाण्यातून काढून घेतला.

फकिराने मडकं दोन्ही हातांनी उचललं. कंबरभर पाण्यात गेला. एका कपारीशी वाकला. परतला तेव्हा हात रिकामे होते.

“जगेल ना?”

“ठाऊक नाही.”

बर्व्याने बादलीतलं पाणी खडकावर ओतून दिलं.

“बायको गेल्यापासून तीच होती,” बर्वे कसाबसा म्हणाला. “आता त्या रिकाम्या घरात मी एकटा कसा राहू?”

फकिराने समुद्राकडे बोट केलं.

“तिला विचार. ती राहून आली आहे.”