निरंजन सरांचा दुखरा गुडघा

घाटाखालच्या आंबेतळ गावात एक भोळा गेनू होता. शेळ्या राखायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. शेळ्यांमुळे तो कधी गोत्यात आला नाही. आला तो ऐकण्यामुळे.

दर शनिवारी शहरातून निरंजन सर आणि मुग्धाताई डोंगरात पळायला यायचे. घाट चढून-उतरून ऐंशी किलोमीटर पळायची शर्यत जवळ आली होती. दोघं जिवाभावाचे मित्र. म्हणजे फोटोत खांद्याला खांदा लावायचे आणि सराव किती झाला ते एकमेकांना सांगायचे नाहीत. गेनू त्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे पळायचा. म्हणून तोही मित्र.

सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. लागोपाठ दोन वर्षं शर्यतीच्या घाटमाथ्यावरच्या चौकीवर ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला म्हणून त्यांना थांबवलं होतं. यंदाही तिथेच अडकलो तर पळणं सोडलं, असं त्यांनी घरी जाहीर केलं होतं. घरचे आशेवर होते.

शर्यतीच्या दोन दिवस आधी सरांनी शिकवलं, "गेनू, शर्यतीत नवं काही अंगावर घालायचं नाही. आधी मळवून घ्यायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी छातीवर लावायचे नंबर मिळाले. कोरे करकरीत. सरांनी दोघांच्या नंबरांची बंद पाकिटं गेनूकडे ठेवायला दिली. त्याने नंबर बाहेर काढले आणि शेळ्यांच्या गोठ्यात टाकून चांगले तुडवून घेतले.

"अरे शहाण्या," सर म्हणाले, "दिलेली वस्तू दिली तशी ठेवायची. उघडायचीसुद्धा नाही."

"चुकलं सर. आता तसंच करतो." त्याने नंबर पुसून वाळत घातले.

दुपारी पाय मोकळे करायला सर टेकडी चढले आणि पोटरीत गोळा आला. मीठ-साखरेची पुडी गेनूकडे होती. सर जमिनीवर लोळत पुडी मागत होते. गेनूने ती लांबूनच दाखवली.

"दिली तशीच हाय सर. उघडली बी न्हाई."

शेवटी मुग्धाताईंनी ती हिसकावून घेतली. सर कण्हत म्हणाले, "माणसाला दुखतंय म्हटल्यावर विचार करत बसायचं नाही रे. ताबडतोब धावून जायचं."

"चुकलं सर. आता तसंच करतो."

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पंगत होती. आयोजकांनी बजावलं, "दुखणं लपवून पळू नका. मित्राचं दुखणं कळलं तर आम्हाला कळवा." मग पळणारे आपला जुना रिवाज पाळायला लागले. शर्यतीच्या आदल्या दिवशी जो तो मोडलेला असतो.

"माझा सराव शून्य," मुग्धाताई म्हणाल्या. "टाच गेलीय. मी आपली हवा खायला आले."

"टाचेचं काय घेऊन बसलात? माझ्या गुडघ्याची वाटी सरकलीय. उद्या उभा राहिलो तरी पुष्कळ," सर म्हणाले.

गेनूला गलबलून आलं. एवढी चांगली माणसं, आणि अशी वेळ. त्याने घास खाली ठेवला, दोघांचं दुखणं सांगून दोन्ही नंबर आयोजकांना नेऊन दिले आणि गावात धूम ठोकली.

पहाटे सर टणाटण उड्या मारत आले. यादीत नाव खोडलेलं.

"अहो, गुडघा ठणठणीत आहे माझा. चार महिने रोज पंधरा किलोमीटर पळतोय," ते आयोजकांना म्हणाले.

"रोज?" मुग्धाताईंनी विचारलं. "मला तर म्हणालात, अंथरुणातून उठवत नाही."

"आणि तुम्ही किती पळत होता?"

"वीस," ताई पुटपुटल्या.

दहा वर्षांच्या मैत्रीत दोघं पहिल्यांदाच खरं बोलले. यादी मात्र बंद झाली होती आणि शर्यतही सुटली होती.

तेवढ्यात गेनू आला. मागे धट्टेकट्टे गडी, त्यांच्या खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी. आंबेतळात दुखणाईत माणसाला असंच घाटापलीकडच्या दवाखान्यात नेतात.

"मला काही झालेलं नाही," सर म्हणाले.

"दुखनाईत असंच म्हनतो," म्होरका गडी म्हणाला.

सर लाथा झाडायला लागले तेव्हा तर गड्यांची खात्रीच पटली. त्यांनी सरांना झोळीत घातलं, वरून दोर आवळला आणि घाट धरला. गेनू पुढे पळत वाट मोकळी करत होता. ऐंशी किलोमीटरवाले मुकाट्याने बाजूला होत होते.

घाटमाथ्याच्या चौकीवर निरंजन सर सगळ्यांच्या आधी पोचले. चौकीवाल्याने घड्याळ पाहिलं, वही उघडली.

"दोन तास राखून आलात की. नंबर काय तुमचा?"

सरांनी झोळीतून गेनूकडे पाहिलं.

"नंबर कालच परत केला," गेनू म्हणाला. "आन ताईंचाबी. त्यांची झोळी मागनं येतीया."