न्हाऊ घातलेलं शिंगरू

“म्हणजे आता तरी मला पदरात घेणार ना, बाबा?”

कान्हूबाबांनी अजून खांद्यावरची झोळीसुद्धा उतरवली नव्हती. कालपासून ते नदीपलीकडच्या गावी गेलेले. दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच हा प्रश्न.

विचारणारे त्रिविक्रमशास्त्री. विद्या दांडगी आणि सोवळं त्याहून दांडगं. गुरुमंत्र मिळावा म्हणून दोन महिने त्या तापीकाठच्या मठात येऊन राहिले होते. बाबा रोज म्हणायचे, बघू.

“घोडी व्याली?” बाबांनी विचारलं.

“व्याली ना! उजाडता उजाडता. आणि मी सगळं साग्रसंगीत केलं, बाबा. शिंगराला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, उटणं लावलं, चंदन लावलं. तबेला सारवून घेतला. ओला पेंढा होता तो जाळून टाकला.”

बाबांनी झोळी खुंटीला अडकवली. जाताना ते एवढंच सांगून गेले होते, की लांबून नजर ठेव. पण एवढ्याशा कामानं सेवा कशी दिसणार, असं शास्त्र्यांना वाटलं होतं.

“प्यायलं का ते?”

“अं… तेवढं मात्र…”

बाबा तबेल्याकडे वळले. शास्त्री मागोमाग.

शिंगरू काड्यांसारख्या पायांवर उभं होतं. पाखरी घोडीच्या कुशीत तोंड खुपसायला गेलं, तशी ती गर्रकन फिरली. कान मागे पाडले, नाकपुड्या फेंदारल्या आणि लाथ झाडली. पिल्लू धडपडलं. उठलं. पुन्हा गेलं. पुन्हा लाथ.

“सकाळपासून हेच चाललंय,” शास्त्री म्हणाले. “आई की वैरीण!”

“ऊन कुठवर आलंय बघ.”

“उंबऱ्यापर्यंत.”

“दुपारच्या आत चीक पोटात गेला नाही, तर उद्या हे पिल्लू नाही.”

शास्त्र्यांनी पिल्लाकडे पाहिलं. ज्याच्या अंगाला स्वतःच्या हातानं चंदन लावलं, ते डोळ्यांदेखत थरथरत होतं.

“पिल्लामागची वार पडली?”

“पडली. आपोआप. मी हात लावला नाही हं! काठीनं टोपलीत सरकवली. तिकडं कुंपणापाशी झाकून ठेवलीय. पुरायला गावातून माणूस बोलावलाय.”

“का? तुला हात नाहीत? घेऊन ये.”

शास्त्री नाक दाबून टोपली घेऊन आले. बाबांनी वार जमिनीवर पसरली, एखादी बाई धुतलेलं लुगडं फाटलंय का बघते तशी, टोकापासून टोकापर्यंत. मग मान डोलावली.

“अख्खी आहे. आत काही राहिलं नाही. घोडीची काळजी मिटली. आता पिल्लाचं बघ.”

“मी काय करू?”

“हे लाव त्याला. पाठीवर, मानेवर, शेपटीखाली.”

“हे?… बाबा, हे अशुद्ध…”

“तिच्या पोटातलं आहे. तू धुऊन टाकलास तो वास यातच आहे.”

“एखाद्या फडक्यानं लावू का?”

बाबांनी घोडीचं दावं धरलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

शिंगरानं पुन्हा एक पाऊल टाकलं आणि बसकण मारली. या वेळी उठलंच नाही.

तेव्हा कुठं शास्त्र्यांनी उपरणं भिरकावलं. दोन्ही हात त्या गिळगिळीत पसाऱ्यात घातले. मग पिल्लाच्या छातीवर हात ठेवला, तर आत काळीज इतकं जोरात उडत होतं, की ते सोवळं विसरले. भराभर चोळत सुटले. पाठीला, मानेला, कानांना. कोपरापर्यंत बरबटले, दाढीलाही लागलं. तोंडानं आपलं चाललंय, “ऊठ रे बाळा. ऊठ की रे राजा.”

पिल्लू उठलं.

बाबांनी दावं सैल सोडलं.

पाखरीनं मान वळवली. हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग घशातल्या घशात हुंकारली आणि पिल्लाची पाठ चाटायला लागली.

शिंगरानं कुशीत डोकं घातलं. इकडे तिकडे शोधलं. सापडलं. तोकडी शेपटी पटापट हलायला लागली.

शास्त्र्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, आणि पुसायला हात काही स्वच्छ नव्हता.

“चुकलो, बाबा. भलत्याच तोऱ्यात होतो मी. नदीवर जाऊन येतो. असल्या अवतारात तुमच्यापुढं काय उभा राहू?”

ते निघाले. तेवढ्यात पाखरीनं मान लांब केली आणि त्यांचा दंड हुंगला. शास्त्री जागीच थिजले. लाथ बसणार या भीतीनं डोळे मिटून घेतले.

लाथ बसली नाही. एक खरखरीत, ऊन जीभ मनगटापासून वर फिरली. मग पुन्हा.

“बाबा…”

“हलू नकोस,” कान्हूबाबा म्हणाले. “तिचं अजून चाटून झालं नाही.”