मोकळ्या माळावरचा उंबरा

"...मग त्या दिवशी तुम्ही उंबऱ्यावरनंच माघारी का फिरलात?"

सोमपुरी बुवांनी मान वर केली नाही. धुनीपुढं गोवऱ्या रचायचं काम चाललं होतं.

"कुठल्या दिवशी?"

"माझ्या जुन्या घराच्या वास्तुशांतीला. सगळं गाव जेवून गेलं. तुम्ही दारापर्यंत आलात, आत डोकावलात आणि वळलात. मी हात जोडून उभा. बायको आरतीचं ताट घेऊन उभी."

"पाय दुखत असतील."

"बुवा, मस्करी नको."

"मग दुखत नसतील."

हिंदुराव पाटणे गप्प झाले. पण त्यांचं गप्प बसणं म्हणजे झाकण ठेवलेलं आधण. आत खदखद चालूच.

हिंदुराव सूतगिरणीत स्पिनिंग मास्तर होते. ते खात्यात शिरले की बाया बोलायच्या थांबत आणि धागा तुटायचाही थांबे, असं ते स्वतःच सांगत. ती गिरणी बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं, आणि छप्पन्न वर्षांचा माणूस कुलपाच्या बाहेरच्या बाजूला राहिला. दुसऱ्या गिरण्यांत जाऊन आले. सगळीकडं चहा मिळाला. "साहेब, तुमचा अनुभव दांडगा. कळवतो," असं सगळे म्हणाले. कळवलं कुणीच नाही.

मग घर विकावं लागलं. सात खोल्यांचं घर गेलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. एकीत उभं राहिलं की दुसरीतलं सगळं दिसतं, असल्या. सोफा त्या जिन्यातनं वर जाईना, तो पुतण्याला दिला. शोकेस दिली. झोपाळा साडूनं नेला, तोही तोंड वाकडं करून, जणू ह्यांच्यावर उपकारच.

हे सगळं त्यांनी सोसलं. उंबऱ्यापाशी मात्र अडले.

घर घेणारा ते पाडणारच होता. म्हणून हिंदुरावांनी सुतार लावून उंबरा उकरून काढला. अस्सल सागवान, तेल पिऊन काळा पडलेला. नव्या जागेचं दार सुतारानं मोजलं आणि डोकं खाजवलं.

"साहेब, उंबरा हात-दीड हात जास्त हुतोय. कापावा लागंल."

"कापायचा नाही."

"मग दार फोडावं लागंल. सोसायटीवाले फोडू देणार न्हाईत."

"मग उंबरा बसेपर्यंत मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

असलं काही बोलायला माणसाला नोकरी लागत नाही. ते बिनपगारीही जमतं.

सामान कालपासनं टेम्पोत होतं. नवरा-बायकोनं रात्र साडूच्या पडवीत काढली, आपल्याच झोपाळ्याखाली अंथरूण टाकून. सकाळी हिंदुरावांनी टेम्पो मठाकडं वळवायला लावला. वडिलांपासनं त्यांचं घराणं ह्या मठाला मानणारं. आता टेम्पो खाली चिंचेजवळ उभा होता. पुढच्या सीटवर शालन, त्यांची बायको, मांडीवर देवांचं गाठोडं घेऊन बसली होती. देव हातात असले की बाईला खाली उतरता येत नाही, की उतरावंसं वाटत नव्हतं, कुणास ठाऊक.

टेम्पोवाल्यानं आणि हिंदुरावांनी मिळून उंबरा वर आणला होता. तो बुवांच्या पुढ्यात आडवा पडला होता.

"हा मठाला देतो," हिंदुराव म्हणाले. "दार करून घ्या. उंबरा माझ्या घरचा राहील."

बुवांनी मठाकडं बघितलं. मठ म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. वारा एकीकडनं यायचा आणि दुसरीकडनं जायचा, कुणाला विचारायचा नाही.

"दाराला आधी भिंत लागती न्हवं?"

"बांधून देतो."

"कशानं?"

वर्षापूर्वी हा प्रश्न ऐकून हिंदुराव हसले असते. दोन गवंडी धाडले असते, तेही गिरणीच्या गाडीतनं.

बुवा उठले. उंबऱ्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसऱ्याकडं मानेनं खूण केली. दोघांनी तो उचलून मठाबाहेर मोकळ्या माळावर नेऊन टाकला. बुवा पलीकडं जाऊन उभे राहिले.

"आत ये."

हिंदुरावांनी वहाणा काढल्या. सवयीनं उजवा पाय आधी टाकला आणि उंबरा ओलांडला.

"आलास?"

"आलो."

"आता बाहेर जा."

ते गेले.

"आत ये."

ते आले. खाली टेम्पोवाला हे सगळं बघत विडी ओढत होता. हिंदुरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाहेर जा."

"बुवा, आत म्हणजे कशाच्या आत? चारी बाजूंनी नुसता माळ आहे."

"मग इतकी वर्षं कशाच्या आत जात हुतास?"

एक पाय अलीकडं, एक पलीकडं, तसेच ते उभे राहिले.

"वास्तुशांतीला मी वळलो," बुवा म्हणाले, "त्याच्या आदी तू मला काय म्हणलास, याद हाय?"

"या बुवा, म्हणालो असेन."

"त्याच्या फुडं."

"...नाही आठवत."

"म्हणलास, 'जरा जपून बुवा, उंबऱ्याचं पॉलिश ओलं आहे.'"

हिंदुराव खाली बसले. मान वर करवेना, म्हणून ते उंबऱ्याकडं बघत राहिले, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. उजव्या टोकाला लाकूड झिजलं होतं. बाकी उंबरा सपाट आणि तिथं तेवढी उथळ खळगी. तळहात ठेवला तर आत बसेल अशी, गुळगुळीत.

"हे काय झालंय?" ते पुटपुटले. "सुतारानं काढताना तासला की काय..."

"तासल्यालं न्हाई त्ये. घासल्यालं हाय. कोण बसायचं हितं?"

"कुणी नाही. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. मी कुणाला बसू दिलं नाही. कामगार यायचे, ते पायरीखाली उभे राहायचे. पोरं बसली तर ओरडायचो."

बुवांनी चिंचेकडं तोंड करून हाक मारली.

"बाई, ये वर. देव घिऊन ये."

शालन आली. काखेत गाठोडं, हातात जेवणाचा डबा. माळावर मधोमध पडलेला उंबरा आणि शेजारी मातीत बसलेला नवरा बघून ती थबकली. ती उंबऱ्याशी आली, ओलांडताना वाकली, बोटं लाकडाला लावून कपाळाला लावली. मग पलीकडं जाऊन पदर पसरला आणि त्यावर देवांचं गाठोडं ठेवलं.

"शालन," हिंदुरावांनी विचारलं, "इथं कोण बसायचं गं?"

तिनं खळगीवरनं बोट फिरवलं.

"मी."

"तू?"

"सासूबाई होत्या तोवर चौकटीला टेकून आत बसायची. त्या गेल्यावर उंबऱ्यावरच बसायला लागले. तिथनं रस्त्याचं वळण दिसायचं."

"कधी? मी तर एकदाही..."

"तुमच्या गाडीचा दिवा वळणावर दिसला की उठायची. तवा टाकायची. तुम्ही आत यायचात तेव्हा मी चुलीपाशी."

हिंदुरावांना ती चुलीपाशीच आठवली. पाठमोरी. रोज. भाकरी कशी नेमकी गरम मिळते, ह्याचं त्यांनी मित्रांत कौतुक केलं होतं. बायकोचं नव्हे, भाकरीचं. पहिल्या पाळीला जायचे, दुसरी संपवून यायचे, जेवतानाही कानाला फोन असायचा. रविवारी तर गिरणीची तपासणीच असायची.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"काय सांगायचं होतं? बसते म्हणून?"

हिंदुरावांनी सदऱ्यावरची माती झटकली.

"पॉलिश जाईल म्हणाला असतात."

बुवा एव्हाना धुनीपाशी जाऊन उभे होते. त्यांचे खांदे जरा हलले. हसले की खोकले, सांगता येत नाही.

हिंदुरावांनी त्या खळगीत तळहात ठेवला. बसला.

"मी हा कापू देणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता मास्तरांचा नव्हता. "ह्याच टोकाला कापायचा म्हणत होता सुतार. दार फोडेन, पण हे टोक..."

"कशाला?" शालन म्हणाली. "तेव्हा तुम्ही घरी नव्हता, म्हणून बसायची. आता तुम्ही दिवसभर घरात. मी वाट कुणाची बघू?"

एवढं बोलून तिनं डबा उघडला. रात्री बहिणीकडं तिला जेवण गेलं नव्हतं, तेच बांधून दिलेलं होतं. भाकरी, वाळला घेवडा, वर लसणाची चटणी. बसायला माळावर दगडही नव्हता. ती उंबऱ्यावर बसली, आपल्या जागेवर. पाय आखडून घेतले, जणू कुणी ओरडेल.

कुणी ओरडलं नाही.

हिंदुराव उठले, उंबरा ओलांडून पलीकडं आले आणि तिच्या शेजारी बसले. सागवान जरासं कुरकुरलं. तिनं भाकरी मोडली आणि निम्मी त्यांच्या हातावर ठेवली. गार होती. कडेला वातड झाली होती.

त्यांनी घास घेतला. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी पुसले नाहीत. तिनंही ते बघितल्याचं दाखवलं नाही.

"घेवड्यात मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"तुमच्या मेहुणीला सांगा."

खालनं टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. एकदा. मग लांबलचक.

"साहेब, आज सामान उतरायचं हाय का न्हाई? का आनी कुठं फिरवायचाय?"

हिंदुरावांनी तोंडातला घास गिळला.

"उतरायचंय," त्यांनी ओरडून सांगितलं. "तिसरा मजला. एवढी भाकरी होऊ दे."

"आन लाकूड?"

हिंदुरावांनी शालनकडं बघितलं. ती चटणीचं बोट चाटत रस्त्याकडं बघत होती. वळण नव्हतंच तिथं, सरळ रस्ता होता.

"सुताराला बोलवून घे," ते म्हणाले. "कापायचंय म्हणावं."

वारा सुटला. पत्रा वाजला.

बुवा धुनीपासनं निघाले आणि माळावरनं वळसा घालून उंबऱ्यासमोर, त्या दोघांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या.

हात जोडले.

"येऊ का आत?"