पिकअपचा फाळका

“मग उणं काय राहिलं, तेवढं तरी सांगा, अण्णा!”

विश्वजितचा आवाज चढलाच.

 अण्णा कुंभोजकर शेडच्या दारात स्टुलावर बसून समोर बघत होते. समोर जुनी पिकअप उभी होती. फिकट हिरवी, लखलखीत, जणू काल जन्मलेली.

जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना पत्रा ठोकायला शिकवून अण्णा निवृत्त झाले आणि कोल्हापूरच्या कडेला या शेडमध्ये जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करू लागले. शेडची एक रीत होती. शिष्याने एकट्याने पूर्ण केलेली पहिली गाडी अण्णा स्वतः चालवत फाटकाबाहेर काढत. ती निघाली, की शिष्य कारागीर झाला. नाही निघाली, तर नाही.

विश्वजितच्या या पहिल्या गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली होती. अण्णांनी सकाळपासून तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

आणि रविवारी शहरात जुन्या गाड्यांची रॅली होती. आपली गाडी सगळ्यात पुढे असणार, असं विश्वजित गावभर सांगून बसला होता.

“रंग बघा,” तो म्हणाला. “कंपनीच्या जुन्या जाहिरातीवरून जुळवला. दाराच्या मुठी कोइमतूरहून मागवल्या. एक पोचा दाखवा मला, अण्णा. एक!”

“पोचा नाही. बॉनेटात तोंड बघून दाढी करता येईल.”

“मग? कंपनीतून बाहेर पडली त्या दिवशी होती, अगदी तशी झालीय.”

“त्या दिवशी ती कुणाची होती?”

“कुणाची म्हणजे?… कुणाचीच नाही. विकलीच गेली नव्हती अजून.”

अण्णांनी मान हलवली. 

विश्वजितच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक असेल तर सरळ बोट ठेवावं, हे असं कोड्यात काय बोलायचं? माणसाने रक्त आटवावं आणि समोरच्याने नुसती मान हलवावी?

“मालकिणीला बोलाव,” अण्णा म्हणाले.

दुपारी हौसाबाई रिक्षातून उतरल्या. त्यांच्या गुऱ्हाळाचा गूळ वर्षानुवर्षं याच गाडीतून बाजारात गेला होता. नवरा गेल्यावर गाडी गोठ्यामागे गंजत पडली. विश्वजितने हातापाया पडून ती मागून आणली होती. ‘तुमची गाडी तुम्हाला परत उभी करून देतो, आजी,’ असा शब्द दिला होता.

“आगं बया!” हौसाबाईंनी तोंडावर पदर धरला. “नवरदेव केलास की रं हिचा!”

विश्वजित हसला. हसता हसता त्याने अण्णांकडे एकदा बघून घेतलं.

म्हातारी गाडीभोवती फिरली. दिव्यांपाशी थांबली, दारापाशी थांबली. मग मागे गेली. माल उतरवताना खाली पाडायची मागची लाकडी फळी, म्हणजे फाळका, विश्वजितने नव्या सागवानाचा बसवला होता. पॉलिश असं, की माशी घसरावी.

न बघताच हौसाबाईंचा हात फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर गेला.

बसला नाही. घसरला. थोडा पुढे गेला, परत मागे आला… अंधारात कडी शोधावी तसा.

“लई झ्याक झालीया, बाळा,” त्या हळू म्हणाल्या. “आमची कुठं ठेवलीस?”

“ही काय, आजी! हीच तुमची.”

“ही?…”

त्या आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या.

“मालक चालवायचे. पुढं मामंजी बसायचे. मी मागं, गुळावर. पोरगं मांडीवर, आन् ह्यो हात हितं. खड्डा आला की घट्ट धरायची. मालक आरशातनं बघायचे, हात हाय का जागेवर…”



विश्वजितला एकदम आठवलं. जुना फाळका त्याने पहिल्याच दिवशी उपटून काढला होता. कोपऱ्यात खोलगट झालेलं लाकूड. कीड लागली म्हणून बंबाच्या सरपणात फेकलेलं.

तो शेडमागे गेला.

सरपणाच्या ढिगात त्याने हात घातले. वरची लाकडं भिरकावली, खालची ओढली. फाळका अगदी तळाशी होता. एक टोक कुजलेलं, तेलाने काळं पडलेलं. पण कोपरा शाबूत होता.

त्याने त्या खोलगट जागेत तळवा ठेवला. गुळगुळीत. कीड नव्हती ती. तळवा मात्र मावला नाही. जागा लहान होती, एका लहानशा हाताची. आणि तिच्या शेजारी बारीक बारीक रेघा होत्या, एकीवर एक… बांगड्या घासून घासून पडलेल्या.

त्याने टाकाऊ म्हणून फेकलं होतं ते हे.

फाळका उचलून त्याने आणला आणि लखलखीत गाडीला टेकवून उभा केला. हौसाबाई पुढे झाल्या. त्यांचा हात सरळ त्या जागी गेला आणि बसला. मनगट उघडं होतं. आता रेघा ओढायला बांगड्या नव्हत्या.



विश्वजित एकदा त्या चकाकत्या हिरव्या रंगाकडे बघे, एकदा त्या काळ्या, झिजलेल्या फळीकडे.  रविवारची रॅली, पहिली रांग, सगळं डोळ्यांपुढून सरकत होतं.

“अण्णा…” तो कसाबसा म्हणाला. “हा फाळका शोभणार नाही या गाडीला.”

अण्णा उठले. खिळ्याची किल्ली त्यांनी काढली आणि मुठीत धरली.

“ते राहू दे, विश्वा. गाडी ह्याला शोभते का, तेवढं बघ.”